‘ओके’वर थांबू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

फ्रेझिऑलॉजीच्या, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या भाषेच्या परीक्षेचा निकाल कळला, बरं वाटलं. पण तुझ्या पत्रातला खरा मजकूर शेवटच्या चार ओळींत होता. वाक्यं ठरलेली, आकडे कसे उच्चारायचे तेही ठरलेलं, दोन्हीकडच्या माणसांना सगळं तोंडपाठ. मग वैमानिक आणि जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यात गैरसमज होतोच कसा? परीक्षा झाल्यावर हा प्रश्न बऱ्याच जणांना पडत नाही. तुला पडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इतकी वर्षं हेडसेट लावून बसल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. शब्द अजिबात कळले नाहीत तर फारसं बिघडत नाही. कळलं नाही हे त्या माणसाला कळतं, तो ‘से अगेन’ म्हणतो आणि विषय मिटतो. जीवघेणा घोळ होतो तो वेगळ्या ठिकाणी. कुणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकलेली असते, तो विचारतोसुद्धा, समोरून अर्धंमुर्धं उत्तर येतं आणि त्यावर तो समाधान मानतो. मोठ्या अपघातांचे अहवाल काढून बघ. संभाषणाच्या पानांवर हा क्षण पुन्हा पुन्हा सापडेल.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा वाचलेली पानं आहेत २५ जानेवारी १९९० च्या रात्रीची. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांकाचं फ्लाइट ५२, बोइंग ७०७. हवा खराब, केनेडी विमानतळावर गर्दी. त्या विमानाला वाटेत तीनदा थांबवून घिरट्या घालायला लावल्या, एकूण सव्वा तासाहून जास्त. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ हवी असल्याचं सांगितलं, पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबता येणार नाही हेही सांगितलं. पुढे उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि विमान पुन्हा वर गेलं. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं, इमर्जन्सी आहे म्हणून कळव. सहवैमानिक रेडिओवर बोलला ते असं: आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत चाललंय. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, हो सर, सांगितलं.

त्याच्या मते त्याने सांगितलंच होतं. आता तू नियंत्रकाच्या खुर्चीत बस. अशा रात्री फ्रिक्वेन्सीवरच्या प्रत्येकालाच लवकर उतरायचं असतं. ‘इंधन संपत चाललंय’ हे वाक्य कानावर पडलं तरी त्यातून नेमकं काय करायचं हे ठरत नाही. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ म्हटलं की सगळी यंत्रणा हलते. ‘प्रायॉरिटी’ला तसा ठरलेला अर्थ नव्हता. तरीही नियंत्रकाने विचारलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण लोक हा भाग गाळतात. त्याने सांगितलं की तुम्हाला ईशान्येला पंधरा मैल नेऊन पुन्हा वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला हे चालेल ना? उत्तर आलं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ मला वाटतं चालेल, आभारी आहे. त्यानंतर काही मिनिटांत एकेक करून इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवर कोव्ह नेकच्या टेकडीवर विमान कोसळलं. आग लागली नाही; जळायला टाक्यांमध्ये काही उरलंच नव्हतं. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

हे संभाषण एकदा मोठ्याने वाच. दोघंही सभ्य आहेत, कुणाचा आवाज चढलेला नाही. आणि नियंत्रकाचा प्रश्नच असा आहे की त्याला ‘हो’ म्हणणं सोपं. दमलेला, दुसऱ्याच्या भाषेत बोलणारा, वरिष्ठासमोर बसलेला माणूस ‘चालेल ना?’ या प्रश्नाला ‘चालेल’च म्हणतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की शंका आली तर आकडा माग. ‘किती मिनिटांचं इंधन उरलंय?’ आणि त्यापाठोपाठ ‘तुम्ही इमर्जन्सी जाहीर करताय का?’ या दोन प्रश्नांना ‘आय गेस सो’ म्हणता येत नाही. आता तर आंतरराष्ट्रीय नियमांत दोन वेगवेगळ्या हाका आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल, तेवढी कल्पना देणं. त्यात अग्रक्रम मागितलेला नसतो. आणि ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणजे राखीवात हात घालावाच लागणार आहे. या दोन्हींच्या मधलं काही ऐकू आलं, तर ते तसंच मधे लोंबकळत ठेवू नकोस.

तू म्हणशील, रीडबॅक असतो ना यासाठीच, ऐकलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची. असतो, आणि तो नसता तर हे काम चाललंच नसतं. पण रीडबॅक वैमानिकाने करून पुरत नाही, तो आपण ऐकावा लागतो. आपण मात्र बऱ्याचदा पुढच्या विमानाचा विचार करत असतो आणि कानाला अपेक्षित तेच ऐकू येतं. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्याच काली शहराकडे अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ९६५ उतरत होतं. नियंत्रकाने काली व्हीओआरपर्यंत, म्हणजे तिथल्या दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रापर्यंत परवानगी दिली, १५ हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, हवेचा दाब दिला आणि वाटेतल्या तुलुआला पोचल्यावर कळवायला सांगितलं. कॅप्टनने ते परत वाचताना एक शब्द जास्तीचा घातला: ‘डायरेक्ट’. काली व्हीओआरला थेट. वर विचारलंसुद्धा, सगळं बरोबर आहे ना सर? नियंत्रक म्हणाला, ‘अफर्मेटिव्ह.’ म्हणजे हो.

कॉकपिटमध्ये ‘थेट’ असंच धरून संगणकात कालीचा थेट मार्ग टाकला गेला आणि मधले बिंदू यादीतून उडाले. त्यात तुलुआही गेलं, म्हणजे जिथून कळवायचं तेच ठिकाण. पुढे ते डोंगरावर आदळेपर्यंत आणखी बऱ्याच चुका झाल्या आणि त्या कॉकपिटमधल्या होत्या, त्यांचं खापर नियंत्रकावर फोडणं अन्यायाचं होईल. तरीही तो ‘अफर्मेटिव्ह’ मला सोडत नाही. चार गोष्टींचा रीडबॅक आणि त्यावर एका शब्दाची मोहोर! अशा वेळी जे चुकलंय तेवढंच उचलून परत सांगायचं असतं: ‘निगेटिव्ह’, मग बरोबर मार्ग, मग पुन्हा रीडबॅक. पूर्ण वाक्याला मान डोलवायची नाही.

त्या अपघाताच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती तू लक्षात ठेवावीस असं मला फार वाटतं. त्या नियंत्रकाने तपास करणाऱ्यांना सांगितलं की वैमानिकांच्या काही मागण्या त्याला विसंगत वाटल्या होत्या. समोर स्पॅनिश बोलणारा वैमानिक असता तर त्याने तसं बोलून दाखवलं असतं. ठरलेल्या वाक्यांपुरतं इंग्रजी त्याच्याकडे होतं. ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, तुम्ही नेमके कुठे आहात?’ एवढं विचारण्यापुरतं नव्हतं. भाषेच्या चाचणीला लोक नाकं मुरडतात, कधीकधी माझे सहकारीही. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने सहा पातळ्या ठरवून चौथी पातळी किमान म्हणून सांगितली आहे ती नेमकी यासाठी. फ्रेझिऑलॉजी जिथे संपते तिथे साधं इंग्रजी सुरू व्हावं लागतं, आणि ते जमण्यासाठी रोज बोलावं लागतं, न पाठ केलेलं बोलावं लागतं.

टेनेरिफे बेटावरच्या अपघाताबद्दल तुम्हाला वर्गात शिकवलंच असेल. २७ मार्च १९७७, लोस रोदेओस विमानतळ, दोन जंबो जेटची टक्कर, ५८३ मृत्यू. वर्गात सहसा धुकं, बॉम्बच्या घटनेमुळे वळवलेली विमानं, घाईत असलेला कॅप्टन एवढं येतं. मी तुला त्यातली फक्त काही सेकंदं दाखवतो.

डच कंपनी केएलएमचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं, आणि त्याच धावपट्टीवर पुढे अमेरिकेच्या पॅन अॅमचं. त्यांना मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नाही. पण त्या मार्गाच्या परवानगीत ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ असे शब्द होते. सहवैमानिक ते परत वाचत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडून विमान पुढे काढलं होतं. रीडबॅकच्या शेवटी सहवैमानिक म्हणाला, ‘वुई आर नाऊ अॅट टेकऑफ.’ नियंत्रकाला वाटलं, ते टेकऑफसाठी तयार उभे आहेत. तो म्हणाला, ‘ओके.’ आणि क्षणभर थांबला. मग म्हणाला, टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो. पण त्याच क्षणी पॅन अॅमच्या विमानातूनही बटण दाबलं गेलं होतं: आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर चढले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ ऐकू आलं आणि त्यापुढे कर्कश शिट्टी.

त्या शिट्टीत दोन वाक्यं गेली आणि दोन्ही वाक्यं माणसं वाचवणारी होती. बटण दाबून जो बोलत असतो त्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपलं वाक्य वाया गेलं हे नियंत्रकालाही कळलं नाही आणि पॅन अॅमलाही नाही. ते फक्त ऐकणाऱ्यालाच कळू शकतं. त्यानंतर नियंत्रकाने पॅन अॅमला धावपट्टी मोकळी झाली की कळवायला सांगितलं, ते ‘कळवतो’ म्हणाले, आणि हे संभाषण केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर पडलं. त्याने विचारलं, ते पॅन अॅम अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. शंका घेणारा माणूस त्या कॉकपिटमध्ये होता. बाकीचं तुला माहीत आहे.

त्या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, एरवी ‘डिपार्चर’. हा नियम तू पाळशीलच. मी सांगतो ती सवय नियमात नाही: वाक्याची सुरुवात ‘ओके’ने करू नकोस. आपण ते नुसतं ‘ऐकलं’ या अर्थाने म्हणतो, समोरचा ते परवानगी म्हणून घेऊ शकतो, आणि उरलेलं वाक्य शिट्टीत गेलं तर त्याच्याकडे तेवढंच शिल्लक राहतं. ज्या शब्दावर त्याने थांबायचं आहे तो शब्द आधी यावा. आणि फ्रिक्वेन्सीवर शिट्टी ऐकू आली, मग ती कितीही छोटी असो, तर तिच्याखाली कुणाचं तरी वाक्य गेलंय असंच समजायचं. कोण बोललं ते विचारायचं. विचारण्यात पाच सेकंदं जातात. गर्दीत पाच सेकंदं फार वाटतात हे मला माहीत आहे, तरी विचारायचं.

आता एक वेगळी बाजू. निरोप विमानात पोचला म्हणजे तो विमान चालवणाऱ्याच्या हातापर्यंत पोचला असं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात सौदियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली, ३४९ जण गेले. नियंत्रकाने कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, समोरून १४ हजारांवर विमान येतंय हेही सांगितलं होतं. पोच मिळाली होती. पण ती पोच देणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. त्याच्यासमोर स्वतःचं उंचीमापकही नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून बघावं लागायचं. विमान १५ हजारांच्या खाली आलं होतं. आज असे रेडिओ ऑपरेटर प्रवासी विमानांत नसतात, पण आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचा ही स्थिती अजून तशीच आहे. दोन वैमानिकांपैकी एक चालवतो, दुसरा बोलतो. म्हणून रडारवर उंचीचा आकडा बदलताना बघ. ‘रॉजर’ ऐकून नजर दुसरीकडे वळवू नकोस, आकडा सांगितल्याप्रमाणे हलतोय की नाही ते बघून मगच वळव. ‘रॉजर’चा अर्थ ‘तुझं बोलणं सगळं ऐकलं’ एवढाच आहे. होकार त्यात नाही.

आणि कधीकधी रीडबॅक अगदी बरोबर असतो, चूक मुळात असते. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका एअरबस ए३२० ला उंचीमापक जुळवण्यासाठीचा हवेचा दाब १०११ सांगितला गेला. खरा होता १००१. वैमानिकांनी १०११ च परत वाचलं, कुठेही काही खटकलं नाही. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २८० फुटांचा फरक. आयएलएस, म्हणजे उतरताना रेडिओने मार्ग दाखवणारी यंत्रणा, बंद होती, उतरण्याची खालची रेषा याच आकड्यावर अवलंबून होती, आणि ढगातून पाऊस. धावपट्टी दीडेक किलोमीटर दूर असताना ते विमान जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं आणि तिथून वर गेलं. सगळे वाचले. रीडबॅकने आपण बोललो तसंच समोरच्याने ऐकलं एवढंच कळतं. आपण बरोबर बोललो का, हे कळत नाही. त्यासाठी सांगताना आकडा समोरच्या पडद्यावरून वाचायचा, आठवणीतून नाही. शंभरदा सांगून झाला असला तरी.

रोजच्या कामाचं थोडं. आकडे सांगताना माझा पेन स्ट्रिपवरच्या, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवरच्या त्याच आकड्यावर असायचा, आणि रीडबॅकमध्ये तो आकडा कानावर पडल्याशिवाय खूण करायची नाही, अशी सवय मी लावून घेतली होती. ओठांनी बोललेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं कानाशी जुळलं की मगच पेन हलतो. तुमच्याकडे स्ट्रिप कागदाऐवजी पडद्यावर असेल, तरी कर्सर तिथेच ठेव. एका दमात दोनच सूचना दे. उंची, वेग, दिशा आणि फ्रिक्वेन्सी अशी चारही एकत्र दिली की परत येताना एखादीची अदलाबदल होतेच. २४० ही दिशा होती की वेग, हे वैमानिकालाही त्या क्षणी सांगता येत नाही. मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा जास्त वेग नको हे तू वाचलं असशील. गर्दीत वेग वाढवला तर वेळ वाचेल असं वाटतं; होतं उलटं, ‘से अगेन’ वाढतात. दहा हजार आणि अकरा हजार ही जोडी कायम संशयाने ऐक. सारखे वाटणारे दोन कॉलसाइन, म्हणजे विमानांची रेडिओवरची नावं, एकाच वेळी असतील तर दोघांनाही तसं सांगून टाक.

उंची सांगताना ‘टू’ हा शब्द कुठे येतोय तेही बघ. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू विमानाला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ असं सांगितलं गेलं, म्हणजे २४०० फूट. कॅप्टनने तो ‘टू’ दोनचा आकडा न धरता ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ समजला आणि ‘ओके, फोर झीरो झीरो’ म्हणाला. तो रीडबॅक कुणी अडवला नाही. डोंगरात चौघं गेले.

शक्य होईल तितक्या लवकर वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीत बसून ये. तुझा आवाज तिथे कोणत्या क्षणी पोचतो ते एकदा बघितलंस की विमान धावपट्टीवर वेग घेत असताना किंवा जमिनीला टेकताना विनाकारण बोलायचं नाही, हा नियम वेगळा पाठ करावा लागणार नाही.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण पहिल्या महिन्यातच समोर येईल. तुझ्या फ्रिक्वेन्सीवर चुकीचा रीडबॅक येईल, तू तो पकडशील, दुरुस्त करशील, काही होणार नाही. पाळी संपल्यावर वाटेल, काही झालंच नाही तर लिहायचं काय? तरी लिही. सुरक्षा अहवालाचा फॉर्म भर, त्याच दिवशी भर. कोणते दोन कॉलसाइन एकमेकांत मिसळले, कोणता आकडा कशासारखा ऐकू आला, त्या वेळी फ्रिक्वेन्सीवर किती विमानं होती. ध्वनिमुद्रण किमान तीस दिवस ठेवलं जातं, तेवढ्यात कुणीतरी ते ऐकून पडताळू शकतं. त्यानंतर फक्त तुझी आठवण उरते, आणि आठवणीतल्या आकड्याबद्दल मी वर सांगितलंच आहे. पुढच्या वेळापत्रकात त्या दोन विमानांचे नंबर बदलले जातात ते अशाच कागदांवरून.

हँडओव्हरबद्दलचा, म्हणजे काम दुसऱ्या नियंत्रकाकडे सोपवण्याबद्दलचा तुझा दुसरा प्रश्न मोठा आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन. तोवर आव्हियांका ५२ च्या अहवालातलं संभाषण मिळवून वाच, आणि त्या नियंत्रकाच्या जागी तू कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला असतास, ते मला लिहून पाठव. इंग्रजीत लिही, रेडिओवर बोलशील तसंच.

तुझा काका